मर्डिना सोडून काहीही

देवाने मर्डिनाबाई हॉसॅक यांना तसं बरंच काही दिलं होतं. पोर्टलॉगी या कोळ्यांच्या गावात धक्क्यासमोर दगडी घर, चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून कमावलेला दरारा, सहासष्टाव्या वर्षीही शाबूत असलेले दोन्ही गुडघे आणि आठवड्याला जेमतेम चार वाक्यं बोलणारा नवरा. तक्रारीला जागा एकच होती, आणि ती नेमकी प्रत्येक सहीच्या वेळी समोर यायची.

"आई, मुलगी आहे," गरोदर लेक रोना दवाखान्यातून तपासून आल्या आल्या म्हणाली. "आणि नावही ठरलंय. मर्डिना."

मर्डिनाबाईंच्या घशात त्या वेळी स्कोनचा, म्हणजे चहाबरोबरच्या गोड पावाचा, तुकडा होता. तो तिथेच थांबला. विली-जॉनने उठून बायकोच्या पाठीत एक धपका घातला आणि तो परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याचं त्या दिवसापुरतं बोलणं झालं.

"त्या जिवाने अजून जग पाहिलं नाही," श्वास आल्यावर मर्डिनाबाई म्हणाल्या, "त्याच्यावर हा सूड कशासाठी?"

"सूड कसला? रीतच आहे. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव."

रीत होती हे खरं. पोर्टलॉगीत मुलांची नावं आईबाप ठेवत नाहीत, रीत ठेवते. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, असा सगळा रांगेचा मामला. घरात मुलगे झाले नाहीत आणि एखाद्या आजोबांचं नाव लटकत राहिलं, तर त्या नावाला 'इना'चं शेपूट जोडायचं आणि हाती लागेल त्या मुलीला चिकटवायचं. मर्डिनाबाई घरातल्या पाचव्या. आधीच्या चार बहिणींनी मार्गारेट, जीन, इसोबेल आणि ॲन ही चांगली नावं झाडून नेली होती. पाचवीच्या वेळेला आज्या संपल्या होत्या आणि आजोबा मर्डो शेकोटीपाशी तोंड फुगवून बसले होते. म्हाताऱ्याचा रुसवा जावा म्हणून एका निष्पाप बाळाला जन्मभर मर्डिना व्हावं लागलं. शाळेत पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'मर्डर' केलं, आणि ते दहा वर्षं चाललं.

"मर्डिना सोडून काहीही ठेव," त्या रोनाला म्हणाल्या. "बाहुलीचं ठेव. बोटीचं ठेव."

प्रकरण डोलिनाआत्यांकडे गेलं. डोलिनाआत्या म्हणजे मर्डिनाबाईंच्या वडिलांची बहीण, वय एक्याण्णव. (डोनल्डचं शेपूट. त्या घराण्यात शेपटांना तोटा नव्हता.) घराण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. याचं एक कारण असं, की कानाचं यंत्र त्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवत, त्यामुळे त्यांच्या शब्दानंतर दुसऱ्या कुणाचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नसे.

"नाव घराण्यातलंच हवं," आत्यांनी निकाल दिला. "टीव्हीवरचं नको. मर्डिना नको तर दुसरं आण. पण आपल्यातल्याच बाईचं, आणि लेखी पुराव्यासकट. आज्या काय कमी झाल्या आपल्याकडे?"

"बाळ यायच्या आत सापडलं तर बघू," रोना म्हणाली. "नाही सापडलं तर मर्डिना."

दोन महिने हातात होते. एवढ्या वेळात एक बरं नाव सापडायला हरकत नव्हती.

*

जन्म, लग्न आणि मृत्यू यांची कचेरी पोर्टलॉगीपासून बारा मैलांवर होती. ती मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते एक उघडी असे, तीही मिस्टर टोल्मींच्या मेंढ्या वीत नसतील तर. टोल्मी हे तिथले रजिस्ट्रार, शिपाई आणि चौकशीची खिडकी असे तिन्ही होते. चौकशीच्या खिडकीवर प्रश्न विचारला की ते "रजिस्ट्रारना विचारून सांगतो" म्हणत, आत जात, आणि उत्तर घेऊन बाहेर येत. पोस्टात जन्म काढलेल्या मर्डिनाबाईंना या पद्धतीबद्दल मनापासून आदर वाटला.

पहिल्या मंगळवारी कचेरी बंद होती. मेंढ्या. गुरुवारी उघडी होती, पण टोल्मी दारातच हात चोळत उभे होते.

"देवानं पाठवलं तुम्हाला! दहा मिनिटं आहेत का?"

आत बेल्जियमहून पळून आलेलं एक जोडपं लग्नासाठी खोळंबलं होतं. साक्षीदार दोन लागतात आणि त्यांच्यापाशी एकच होता, तोही टॅक्सीचा ड्रायव्हर. मर्डिनाबाई पूर्वज शोधायला आल्या होत्या. त्यांनी एका अनोळखी नवरीचा गुच्छ धरला, दोन चमचे खरे अश्रू ढाळले आणि वहीत सही केली. नवरीने सही वाचून दोन्ही हात गालांवर ठेवले. "किती सुंदर नाव!" ती म्हणाली. परदेशी माणसांचं हे असंच असतं, असं म्हणून मर्डिनाबाईंनी मनावर घेतलं नाही. मात्र हे नाव आपण नोंदवह्यांतून काढायला आलो होतो आणि आणखी एकदा घालून चाललो, ही गोष्ट बसमध्ये त्यांना फार लागली.

पुढच्या खेपेपासून काम सुरू झालं. आधी शिरगणतीच्या वह्या. दर दहा वर्षांनी सरकारचा माणूस दारोदार फिरून घरात कोण कोण आहे ते लिहून घेई. मर्डिनाबाई एकेक वही मागे जाऊ लागल्या. १९०१ मध्ये घरात हेक्टरिना निघाली. १८८१ मध्ये अँगसिना. १८७१ मध्ये केनेथिना आणि विल्यमिना, एकाच छपराखाली. मागे जावं तशी शेपटं वाढतच होती.

"आणखी मागे जा," शेजारच्या एफीने सल्ला दिला. एफीने स्वतःची वंशावळ घरबसल्या कॉम्प्युटरवर केली होती आणि तिला त्यात दोन राजे व एक व्हायकिंग सापडला होता. "मी चार दिवसांत नवव्या शतकात पोचले. तू बसने जातेस, म्हणून वेळ लागतो."

मग १८४१ ची वही उघडली. त्या वर्षी मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पाढ्यात लिहायची असा सरकारी हुकूम होता. त्यामुळे अख्खं पोर्टलॉगी वीस, पंचवीस, तीस, पस्तीस किंवा चाळीस वर्षांचं होतं. सदतिसाव्या वर्षी कुणी जगतच नव्हतं. पण त्याच पानावर, वरून सातवी ओळ: मर्डो हॉसॅक, कोळी, वय चाळीस. बायको फ्लोरा, वय पस्तीस.

फ्लोरा! मर्डिनाबाईंना ते नाव जवळ घ्यावंसं वाटलं. शेपूट नाही, मिशी नाही, नीटनेटकं बाईमाणसाचं नाव. घरी येऊन त्यांनी गुलाबी लोकर काढली आणि आठ दिवसांत पांघरुणावर 'फ्लोरा' विणून टाकलं. दुकानात, चर्चच्या पायरीवर, मासळीच्या गाडीपाशी, सगळीकडे सांगून झालं. रोनाही "वाईट नाही," म्हणाली. आपण एका पिढीला वाचवलं, या समाधानात मर्डिनाबाई त्या आठवड्यात गाढ झोपल्या.

नवव्या दिवशी एफी आली, आणि येताना छापील कागद घेऊन आली.

"तुला वाईट वाटेल म्हणून सांगणार नव्हते," ती खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाली. "पण ही फ्लोरा आमची आहे."

"तुमची कशी? तिचा नवरा मर्डो हॉसॅक!"

"हो, पण कुठला? तेव्हा गावात मर्डो हॉसॅक सहा होते. हा आमचा, विहिरीजवळचा. तुमचा दोन घरं पलीकडे."

पोर्टलॉगीत हॉसॅक सोडून दुसरं आडनाव शोधायला बस पकडावी लागते. मर्डिनाबाई माहेरच्याही हॉसॅक आणि सासरच्याही. त्यात रीतीने नावंही ठरलेली, म्हणजे नाव तेच, आडनाव तेच, धंदा तोच. सरकारी माणसाने सहा मर्डो सहा घरांत लिहिले आणि तो सुखाने निघून गेला. त्याच्या जिवावर एक बाई दोनशे वर्षांनी पांघरूण विणेल हे त्याला काय ठाऊक?

"पण तू वापर की," एफी उठताना म्हणाली. "मी रोनाला सांगितलंय, खुशाल घे म्हणून. आमच्याकडे काय, राजेच आहेत."

हा घाव वर्मी बसला. शेजाऱ्याकडून साखर आणावी, शिडी आणावी, एक वेळ नवरा आणून भिंत रंगवून घ्यावी. पण आजी उसनी आणायची म्हणजे काय? त्या संध्याकाळी मर्डिनाबाईंनी 'फ्लोरा' उसवलं. विली-जॉनने लोकरीचा गुंडा धरला. "छान होतं," तो म्हणाला. त्या आठवड्यातलं हे त्याचं दुसरं वाक्य.

*

टोल्मींनी खरा मर्डो शोधून दिला, शिरगणतीत वय वीस. शिरगणतीनंतर बऱ्याच वर्षांनी निघालेल्या त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं होती. टोल्मींनी तो दाखला आधी स्वतः वाचला, मग चष्मा काढून पुसला.

"बसा," ते म्हणाले.

"उभीच बरी आहे. सांगा."

"आईचं नाव मर्डिना."

मर्डिनाबाई बसल्या.

"अजून आशा आहे," टोल्मी घाईने म्हणाले. मेंढ्यांच्या बाळंतपणांमुळे त्यांना धीर द्यायची सवय होती. "म्हातारपणी लोक काहीही म्हणत. बारशाच्या वहीत वेगळं नाव असू शकतं."

बारशाच्या वहीत, म्हणजे चर्चच्या जुन्या वहीत, १७९९ साली, या मर्डिनाच्या जन्माच्या वेळी (तिचा बापही मर्डोच), पाद्रीबुवांनी लिहिलं होतं: 'मर्डो हॉसॅक, कोळी, यास एक मुलगी.' संपलं. मुलीच्या नावाला जागा सोडली होती आणि ती कोरीच राहिली होती. बहुधा चहाची वेळ झाली असावी. मर्डिनाबाईंनी त्या कोऱ्या जागेकडे फार प्रेमाने पाहिलं. कोऱ्या जागेत फ्लोराही मावते, हेलनही मावते.

"आता एकच उपाय," टोल्मी म्हणाले. "चर्चच्या पंचांच्या वह्या. कोण कुणाशी भांडलं, कोण रविवारी दारू प्यालं, सगळं पंचांपुढे यायचं आणि लिहिलं जायचं. गावातल्या प्रत्येकाचं नाव त्यात कधी ना कधी सापडतं. सज्जन माणसांचं जरा उशिरा."

पंचांच्या वह्या शहरातल्या दप्तरखान्यात होत्या. तिथे दारावरच्या बाईने मर्डिनाबाईंचं पेन काढून घेतलं, छत्री काढून घेतली, फोन काढून घेतला, पेपरमिंटच्या गोळ्या काढून घेतल्या. विणकामाच्या सुया पाहून तर तिने साहेबांना बोलावलं. चौतीस वर्षं लोकांना "रांगेत या" सांगणाऱ्या बाईच्या हातात शेवटी एक शिसपेन्सिल उरली. मान राखायचा म्हणून त्यांनी ती नाकाच्या रेषेत ताठ धरली आणि आत गेल्या.

वही १८२६ ची. अक्षर असं, की लिहिणारा बोटीत बसून लिहीत असावा. पण नाव दिसायला वेळ लागला नाही. 'मर्डिना हॉसॅक, वय सत्तावीस, पंचांसमोर हजर झाली.'

आशा संपली. वही मिटावी म्हणून मर्डिनाबाईंनी हात पुढे केला आणि नजर खालच्या ओळीवर पडली. मग त्यांनी हात मागे घेतला.

त्या काळी पोर्टलॉगीला धक्का नव्हता. मासेमारीला निघताना नवऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून बायका लुगडी... म्हणजे झगे गुडघ्यावर खोचून, नवऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून बोटीपर्यंत नेत. एकदा पाद्रीबुवांना खाडीपलीकडे सभेला जायचं होतं आणि त्यांना न्यायचं काम या थोरल्या मर्डिनाकडे आलं. पाद्रीबुवा वजनदार होते. शिवाय पाठीवर बसल्या बसल्या त्यांनी, बायकांनी कमी बोलावं या विषयावर प्रवचन सुरू केलं. मर्डिनाने थांबायची विनंती केली. पाद्रीबुवांचा दुसरा मुद्दा सुरू झाला. तिसऱ्या मुद्द्याला ते समुद्रात होते.

पंचांनी विचारलं: 'तू पाद्रीबुवांना जाणूनबुजून टाकलंस काय?'

उत्तर: 'टाकलं नाही. ठेवलं. पाणी कमरेइतकं होतं. त्यांना उभं राहता आलं असतं. राहिले नाहीत, त्याला मी काय करू?'

पंचांनी विचारलं: 'पश्चात्ताप होतो काय?'

उत्तर: 'दुसऱ्या मुद्द्यालाच ठेवायला हवं होतं, असं वाटतं.'

शिक्षा झाली तीन रविवार सगळ्या गावासमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसण्याची. ती बसली, पण बसताना विणकाम घेऊन बसली. रविवारी विणकाम केल्याबद्दल आणखी दोन रविवार मिळाले. वहीत पुढे लिहिलं होतं: 'मोज्यांचा जोड पुरा झाला. प्रकरण इथेच थांबवावे असे पंचांनी ठरवले.' जन्माच्या वेळी जिचं नाव लिहायला पाद्र्याला सवड झाली नव्हती, तिचं नाव पुढे त्याच चर्चला तीन पानांत अकरा वेळा लिहावं लागलं. मर्डिनाबाईंनी ते पेन्सिलने मोजलं.

आणि मग त्या हसल्या. दप्तरखान्यात हसायला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण दारावरची बाई धावत आली. तोवर मर्डिनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. सहासष्ट वर्षं ज्या नावाखाली मान घालून काढली, त्याच नावाची ही बाई भर चर्चमध्ये स्टुलावर बसून मोजे विणत होती. आपण हे नाव आजवर फुकट घालवलं, असं त्यांना वाटलं. फार वाईट वाटलं आणि फार आनंद झाला.

बाहेर येऊन फोन हातात घेतला तर त्यावर एकोणीस मिस्ड कॉल होते. रोनाला मुलगी झाली होती, दोन आठवडे आधीच.

*

आता खरी पंचाईत झाली. नातीचं नाव मर्डिना सोडून काहीही ठेवायचं, हे त्यांनीच दीड महिना गावभर सांगितलं होतं. आता उलट कसं बोलायचं? पोस्टाच्या खिडकीने कधी शब्द फिरवलेला नव्हता. बाळाला मांडीवर घेऊन त्या नुसत्याच घुटमळल्या.

"काय गं, नावाचं काय..."

"नावाचं आम्ही बघून घेतलंय," रोना तुटकपणे म्हणाली. "बारशाला कळेल. आणि आई, चर्चमध्ये आरडाओरडा करायचा नाही, आत्ताच सांगते."

म्हणजे फ्लोराच. कुंपणावरून एफीने डोळाही मारला. मर्डिनाबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. घरी त्या विली-जॉनला पंचांच्या वहीतला मजकूर रोज चहाबरोबर वाचून दाखवत. तो "हं" म्हणे. डोलिनाआत्यांकडे जाऊन त्यांनी यंत्र स्वतःच्या हाताने आत्यांच्या कानात घातलं आणि सगळं सांगितलं.

"पाद्र्याला बुडवणारी मर्डिना ना?" आत्या म्हणाल्या. "मला काय सांगतेस! माझी आजी सांगायची."

"मग मला का नाही सांगितलंस? दोन महिने मी बसने वणवण फिरतेय!"

"तू नाव विचारत होतीस. गोष्ट कुठे विचारलीस?"

मंगळवारी त्या शेवटचा उपाय म्हणून टोल्मींकडे गेल्या. रोनाने नोंद केली होती का? केली होती. कुठलं नाव? टोल्मींनी गंभीरपणे नियमांचं पुस्तक उघडलं.

"जन्माची नोंद शंभर वर्षं बघता येत नाही. खाजगी असते."

"अहो, मी आजी आहे तिची!"

"रजिस्ट्रारना विचारून सांगतो," म्हणून टोल्मी आत गेले. बराच वेळ स्टेपलरचा आवाज येत राहिला. मग ते बाहेर आले. "एकविसशे सव्वीसमध्ये या. मंगळवारी किंवा गुरुवारी."

*

बारशाला अख्खं पोर्टलॉगी आलं होतं. एवढी गर्दी बाळासाठी नव्हती. नाव ऐकून मर्डिनाबाई काय करतात ते बघायला लोक आले होते, हे त्या जाणून होत्या. त्या पहिल्या बाकावर ताठ बसल्या. पर्समध्ये पंचांच्या वहीची नक्कल होती. एका बाजूला विली-जॉन, दुसऱ्या बाजूला डोलिनाआत्या. मागे एफी, तिच्या राजघराण्यासकट.

पाद्री गिलेस्पी तरुण आणि सौम्य होते. त्यांनी बाळाला हातावर घेतलं. "या मुलीचं नाव काय?"

रोनाने एकदा आईकडे बघितलं आणि हनुवटी वर केली.

"मर्डिना."

चर्चमधलं एकूण एक डोकं मर्डिनाबाईंकडे वळलं. एफीचं तोंड उघडं राहिलं. मर्डिनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आई, प्लीज," रोना कळवळून म्हणाली. "तू कितीही वह्या धुंडाळ. मला मागच्या कुणाचं नाव नकोच होतं. मला तुझं हवं होतं."

मर्डिनाबाईंना बोलायचं बरंच होतं. तीन मुद्दे होते. पण घशात पुन्हा काहीतरी अडकलं होतं, आणि या वेळी तो स्कोन नव्हता. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, त्यात तोंड खुपसलं आणि आतूनच कसंबसं म्हणाल्या, "बरं."

त्या एका शब्दात दोन महिन्यांचा सगळा प्रचार बुडाला. कुणी दुःख केलं नाही.

गिलेस्पींनी पाण्यात बोटं बुडवली आणि बाळाच्या टाळूवर थेंब टाकले. बाळ दचकलं. त्याच क्षणी, कानात यंत्र नसल्यामुळे आपण कुजबुजतोय अशा समजुतीत डोलिनाआत्यांनी साऱ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हटलं:

"दोनशे वर्षं लागली, पण पाद्र्यानं उट्टं काढलं!"

गिलेस्पींना काहीच कळलं नाही. ते हसून बाळावर आणखी खाली वाकले. वाकायला नको होतं. धाकट्या मर्डिनाने एक हात दुपट्यातून बाहेर काढला, पाद्रीबुवांच्या नाकावरचा चष्मा मुठीत धरला, नीट ओढून काढला आणि समोरच्या पाण्यात सोडला.

डुबुक्.

 पहिल्या बाकावर खुर्ची सरकावल्यासारखा घसा साफ करण्याचा आवाज आला. विली-जॉनची त्या आठवड्यातली तीन वाक्यं खर्ची पडली होती. चौथं त्याने जपून ठेवलं होतं.

"टाकला नाही," तो म्हणाला, "ठेवला."